आधी गाडीचा स्टिकर वाचा, मग ट्रेलर बघा

ताई,
आम्ही पाच जण आहोत. मी, नवरा, १३ वर्षांचा मुलगा, ९ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सासूबाई ७२ वर्षांच्या, गुडघे दुखतात, पण वर्षातून एखाद्या मोठ्या सहलीला हौसेने येतात. आमच्याकडे तीन रांगांची एसयूव्ही आहे. ती ५,००० पौंड ओढते असं पुस्तिकेत लिहिलं आहे. प्रदर्शनात आम्ही एक २८ फुटी बंकहाऊस ट्रेलर पाहिला, म्हणजे गाडीमागे ओढायचं, एकावर एक बंक असलेलं चाकांवरचं घर. दोन स्लाइड-आउट (बाहेर सरकणाऱ्या भिंती), मुलांना वेगळे बंक, ड्राय वेट, म्हणजे रिकामं वजन, ४,६०० पौंड. सेल्समन म्हणाला, तुमची गाडी आरामात ओढेल. नवऱ्याला मात्र २० फुटांचा, मर्फी बेडवाला (भिंतीत दुमडणाऱ्या पलंगाचा) छोटा ट्रेलर पसंत आहे. तो पहाटे पाचला उठून लॅपटॉप घेऊन बसतो. मला मुळात अशा छोट्या ट्रेलरमध्ये रोज रात्री जेवणाचं टेबल मोडून त्या जागी गाद्या घालायचा कंटाळा आहे. आमच्या सहली बहुतेक शनिवार-रविवारच्या, आणि उन्हाळ्यात दोन आठवडे राष्ट्रीय उद्यानं फिरायची. एसयूव्ही दोन-तीन वर्षांत बदलायचीच आहे. रविवारपर्यंत ऑफर आहे आणि घरात रोज वाद चाललाय. कोणाचं बरोबर?
– गोंधळलेली वाचक

प्रिय वाचक,

ऑफर जाऊ द्या. तो २८ फुटी ट्रेलर तुमच्या आत्ताच्या गाडीमागे लावू नका, हे आधीच स्पष्ट सांगते. तुमची पसंती चुकलेली नाही. पाच माणसांच्या घराला झोपायच्या कायमच्या जागा हव्यात हे तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं. पण त्या गाडीला तो ट्रेलर पेलणार नाही, आणि सेल्समनने तुम्हाला जो हिशोब दिला त्यात अर्ध्या गोष्टी धरलेल्याच नाहीत.

पुस्तिकेतला ५,००० पौंडांचा आकडा कसा निघतो ते बघा. अमेरिकेत गाड्यांची ओढण्याची क्षमता ठरवायला बहुतेक कंपन्या एसएई जे२८०७ हे मानक वापरतात. त्यात गाडीत एक चालक आणि एक प्रवासी धरतात, प्रत्येकी १५० पौंडांचा. मागच्या रांगांत मुलं नाहीत, सासूबाई नाहीत, डिकीत बॅगा नाहीत. तुमच्या गाडीत हे सगळं असणार आहे. म्हणून ५,००० हा तुमचा आकडा नव्हेच.

तुमचा आकडा गाडीच्या चालकाच्या दाराजवळच्या खांबावर चिकटवलेला आहे. आज संध्याकाळी खाली जाऊन दार उघडा आणि टायरच्या हवेची माहिती असलेला स्टिकर शोधा. त्यावर एक वाक्य असतं: माणसं आणि सामान मिळून वजन इतक्या पौंडांपेक्षा जास्त नको. हा तुमच्या गाडीचा पेलोड. ब्रोशरमधला नव्हे, स्टिकरवरचाच घ्या, कारण सनरूफ, मोठी चाकं, जास्तीच्या सोयी यांचं वजन त्यातून वजा झालेलं असतं. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांचा पेलोड वेगळा निघू शकतो.

ट्रेलरचा पुढचा दांडा गाडीच्या मागच्या जोडणीवर, म्हणजे हिचवर, जो भार टाकतो त्याला टंग वेट म्हणतात. तो भार गाडीत बसलेल्या माणसांसारखाच पेलोडमध्ये मोजला जातो. ट्रॅव्हल ट्रेलरच्या बाबतीत तो भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. १० च्या खाली गेला की ट्रेलर मागे डुलायला लागतो, आणि मोठा ट्रक बाजूने गेला की ते डुलणं आवरता येत नाही. मी हिशोबाला १३ टक्के धरते.

आता तुमचंच कुटुंब घेऊ. समजा स्टिकरवर १,३५० पौंड आहेत. तुमच्या प्रकारच्या गाड्यांत साधारण याच्याच आसपास आकडा असतो. तुम्ही पाच जण मिळून ६२० पौंड धरले, डिकीतलं सामान १२०, आणि वजन वाटून देणाऱ्या हिचचं लोखंड ८०. झाले ८२०. टंग वेटसाठी उरले ५३०. त्याला १३ टक्क्यांनी भागलं तर भरलेला ट्रेलर सुमारे ४,००० पौंडांचा येतो. किलोत सांगायचं तर १,८०० च्या जरा वर.

सासूबाई नसतील त्या वेळी जास्त चालेल का, असा प्रश्न पडेल. नाही चालणार. ५,००० पौंडांच्या बऱ्याच एसयूव्हींना टंग वेटची मर्यादाच ५०० पौंडांची असते. तुमच्या गाडीची पुस्तिकेत आणि हिचवरच्या पट्टीवर बघा. ५०० असेल तर उत्तर पुन्हा ४,००० च्या आत-बाहेरच येणार.

आता तो २८ फुटी ट्रेलर. ४,६०० हे त्याचं ड्राय वेट, म्हणजे रिकाम्या खोक्याचं वजन. बॅटरी त्यात बहुधा धरलेली नसते. ४० गॅलन पाणी भरलं की ३३० पौंड वाढले. गॅसचे दोन सिलिंडर, भांडी, अंथरुणं, कपडे, खुर्च्या, पाण्याचा आणि सांडपाण्याचा पाइप, सायकली, औजारं. कुटुंबाचं सामान म्हणता म्हणता हजार पौंडांच्या घरात जातं. ट्रेलर झाला ५,६०० चा, त्याचं टंग वेट ७३० च्या आसपास. म्हणजे पेलोड ओलांडला, हिचची मर्यादा ओलांडली आणि पुस्तिकेतला ५,००० चा आकडाही ओलांडला. पाणी भरायचं नाही असं ठरवलं तरी ५,३०० उरतातच. गाडी तो हलवेल, सपाट रस्त्यावर ओढेलही. प्रश्न घाटाच्या उतारावर ब्रेक मारताना येतो, आणि त्या वेळी गाडीत तुमची दोन्ही मुलं असतात.

कुणी सांगेल की सामान मागच्या बाजूला हलवा, टंग वेट कमी होईल. हा सल्ला कृपा करून ऐकू नका. आकडा खरंच कमी होतो, आणि त्याबरोबर ट्रेलरचा तोलही जातो. जड सामान चाकांच्या वर किंवा किंचित पुढे असावं. कुठलाही ट्रेलर बघताना पाण्याची टाकी चाकांच्या पुढे आहे की मागे हेही विचारा. तीनशे पौंड पाणी कुठे बसतं यावर बराच फरक पडतो.

इथवर तुमच्या नवऱ्याची बाजू वर गेली असेल. पण २० फुटी मर्फी बेडचा ट्रेलर तुमच्या घराला चालेल असंही मला वाटत नाही.

मर्फी बेड म्हणजे दिवसा सोफा, रात्री भिंतीतून खाली येणारा पलंग. दोघांच्या जोडप्याला तो झकास. तुमच्याकडे काय होईल ते बघा. पहाटे पाचला नवरा उठला. पलंग खाली आहे तोवर सोफा नाही. टेबलाची जागा म्हणजे डिनेट, ते मोडून तिथे कुणीतरी झोपलेलं. मग तो लॅपटॉप घेऊन बसणार कुठे? बाहेर, अंधारात आणि थंडीत, नाहीतर गाडीच्या पुढच्या सीटवर. दोन दिवस बसेल, तिसऱ्या दिवशी कुरकुर सुरू होईल.

टेबल मोडून गाद्या घालायची तुमची कटकटही मी कमी लेखत नाही. रात्री जेवण झालं की टेबलावरचं सगळं उचलायचं आणि ठेवायला जागा नसते म्हणून ते सिंकमध्ये जातं. फळी उचलून पाय काढायचा, तो कुठेतरी अडकतो. फळी खालच्या कडांवर बसवायची, पाठीच्या उशा मधे सरकवायच्या. त्या कधीच एका पातळीत येत नाहीत आणि मधे एक फट राहते. मग चादर, पांघरूण, उशी. सकाळी हेच उलटं, तेही कुणी चहा मागत असताना. दोन रात्रींच्या सहलीत हे चालून जातं. दोन आठवड्यांच्या सहलीत यावरूनच भांडणं होतात, आणि ते काम घरात बहुधा एकाच व्यक्तीच्या गळ्यात पडतं.

म्हणून माझं म्हणणं असं की ट्रेलर किती फुटांचा हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, तुमच्या रात्रीचा आणि सकाळचा. कोण कुठे झोपणार, रात्री कोण उठणार, पहाटे कोणाला बसायला जागा हवी आणि त्या वेळी कोणाची झोप मोडायची नाही. हे चार प्रश्न पाच जणांनी एकत्र बसून सोडवलेत की निम्मे फ्लोअर प्लॅन, म्हणजे ट्रेलरचे आतले आराखडे, आपोआप बाद होतील.

तुमच्या पत्रावरून मला असं दिसतं: वर्षभर चार जणांसाठी कायमच्या जागा हव्यात, आणि पाचवी जागा वर्षातून एकदा हवी. पाचव्या जागेसाठी आठ फूट जास्त ओढत फिरू नका. एका टोकाला पलंग, दुसऱ्या टोकाला दोन बंक, मधे डिनेट आणि स्वयंपाकाचा ओटा, स्लाइड-आउट नाही, असा छोटा बंकहाऊस शोधा. दांड्यासकट एकूण लांबी २० ते २२ फूट आणि ड्राय वेट ३,१०० च्या आसपास. अशा मापाचे ट्रेलर बाजारात आहेत. त्यात टेबल रोज मोडावं लागत नाही आणि पहाटे पाचला नवऱ्याला बसायला तीच जागा मोकळी मिळते. तुमच्या दोघांच्या दोन्ही मागण्या त्यात बसतात.

सासूबाई येतील तेव्हा त्यांना खालचा बंक द्या, मुलीला वरचा, आणि मुलाला शेजारी तंबू. तेरा वर्षांचा मुलगा याला नाही म्हणेल असं मला वाटत नाही. एवढंच बघा की तंबू सगळीकडे चालत नाही. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कात (राहत्या गाड्या आणि ट्रेलरच्या तळावर) अस्वलांमुळे फक्त पक्क्या भिंतींची वाहनं घेतात. तिथे एक-दोन रात्री डिनेट मोडावं लागेल.

पण सासूबाईंना बंक देण्याआधी त्यांना घेऊन जा आणि त्यात झोपवून बघा. बंक साधारण २८ इंच रुंद असतो. वरच्या बंकाशी डोकं आपटत नाही ना, कुशीवर वळता येतं का, उठताना हाताला धरायला काही आहे का? छोट्या ट्रेलरमधल्या बंकांना वजनाची मर्यादा असते आणि ती जवळच लिहिलेली असते, तीही वाचा. मुख्य म्हणजे त्यांच्या जागेपासून बाथरूमपर्यंतचा रस्ता. रात्री दोनला तुमच्या पलंगाला वळसा घालून जावं लागत असेल तर त्या बिचाऱ्या संध्याकाळपासून पाणी पिणं टाळतील. बंकांच्या बाजूलाच बाथरूम असलेला आराखडा म्हणूनच तुम्हाला बरा. दारातल्या पायऱ्याही बघा. घडीच्या, हलणाऱ्या पायऱ्यांपेक्षा जमिनीवर टेकणाऱ्या, घट्ट पायऱ्या आणि मोठी मूठ गुडघ्यांना सोपी जाते.

तुमचा दोघांचा पलंगही असाच तपासा. छोट्या ट्रेलरमध्ये पलंग बऱ्याचदा आडवा, तीन बाजूंनी भिंतीला चिकटलेला असतो. आतल्या बाजूला झोपणाऱ्याला उठायचं तर दुसऱ्याच्या अंगावरून यावं लागतं. पाचला उठणारा नवरा बाहेरच्या बाजूला, हे आजच ठरवून टाका. ट्रेलरमधला क्वीन पलंग घरच्या क्वीनपेक्षा बहुधा आखूड असतो, ८० इंचांऐवजी ७४ किंवा ७५. नवरा सहा फुटांचा असेल तर त्याला बूट काढून आडवं व्हायला सांगा.

स्लाइड-आउटबद्दल दोन शब्द, कारण तुमचं मन त्यात अडकलेलं दिसतं. भिंत बाहेर सरकली की आत जी मोकळी जागा होते ती खरोखर सुखाची असते. एकाच जागी आठवडाभर राहणाऱ्या कुटुंबाने ती जरूर घ्यावी. पण प्रत्येक स्लाइड काही शे पौंड वाढवते. तिच्या रबरी पट्ट्या झिजल्या की पाणी आत येतं, आणि ट्रेलरची सगळ्यात मोठी नासाडी पाण्यानेच होते. तुम्ही तर दर दोन दिवसांनी मुक्काम हलवणार. सेल्समनला सांगून स्लाइड आत घ्यायला लावा आणि मग फ्रिज उघडतो का, बाथरूमपर्यंत जाता येतं का, ते बघा. महामार्गावर पाऊस पडतोय आणि मुलीला बाथरूमला जायचंय, तेव्हा स्लाइड बंदच असते.

लांबीच्या बाबतीत एक फसगत होते. मॉडेलच्या नावातला आकडा म्हणजे एकूण लांबी असं बहुतेकांना वाटतं. पुष्कळदा तो फक्त खोक्याचा असतो. दांडा धरून तीन-चार फूट आणखी वाढतात. तुमचा २८ फुटी नेमका किती हे विचारा, कदाचित तो ३१-३२ निघेल. त्यात गाडीचे सतरा-एक फूट मिळवा. जुन्या राष्ट्रीय उद्यानांतले कॅम्पग्राउंड छोट्या गाड्यांच्या काळात बांधलेले आहेत, त्यामुळे तिथल्या कित्येक जागांत एवढी लांबी मावत नाही. जागा राखून ठेवताना प्रत्येक जागेपुढे लांबीची मर्यादा दिलेली असते. तुमच्या यादीतली दोन-तीन उद्यानं घेऊन २२ फूट आणि ३२ फूट अशा दोन्ही मापांनी शोधून बघा, फरक लगेच कळेल. काही रस्त्यांवर तर छोटा ट्रेलरही नेता येत नाही. ग्लेशियर उद्यानातल्या गोइंग-टू-द-सन रोडच्या डोंगराळ भागात २१ फुटांपेक्षा लांब वाहन चालत नाही, आणि त्यात गाडी आणि ट्रेलर मिळून लांबी मोजतात. तिथे ट्रेलर कॅम्पवर ठेवूनच वर जायचं.

टाक्या लहान ट्रेलरमध्ये लहानच असणार. पाच जणांत सगळ्यात आधी ग्रे टँक भरते, म्हणजे सिंक आणि शॉवरचं पाणी. सांडपाण्याची जोडणी नसेल तिथे अंघोळ कॅम्पग्राउंडच्या बाथरूममध्ये करायची सवय ठेवा. या एका कारणासाठी मोठा ट्रेलर घेण्यात अर्थ नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं. ट्रेलर बघायला पुन्हा जाल तेव्हा पाचही जण जा. आत शिरून दार बंद करा आणि अर्धा तास आतच बसा. सेल्समनला बाहेर थांबायला सांगायला संकोच करू नका. प्रत्येकाने आपापल्या जागी आडवं व्हा. टॉयलेटवर बसून दार लावून बघा, गुडघे कुठे लागतात ते समजेल. शॉवरमध्ये उभं राहून डोक्याला साबण लावल्यासारखे हात वर करा. एकाने ओट्यापाशी उभं राहावं आणि दुसऱ्याने मागून बाथरूमला जायचा प्रयत्न करावा. ओले बूट आणि जॅकेट कुठे ठेवणार ते ठरवा. दिवसभर पाऊस पडला तर पाच जण संध्याकाळ कशी काढतील ते त्या अर्ध्या तासात कळतं, ब्रोशरच्या फोटोत नाही.

आणि यंदा विकत घेऊच नका, असं मी म्हणेन. तुम्ही दोन-तीन वर्षांत गाडी बदलणार आहात. आज गाडीच्या मापाचा ट्रेलर घ्यायचा आणि उद्या गाडी मोठी आली की तो विकायचा, यात पैसे बुडतात, कारण नवा ट्रेलर दारातून बाहेर पडताच त्याची किंमत घसरते. या उन्हाळ्यात छोटा बंकहाऊस भाड्याने घ्या, आधी एका शनिवार-रविवारसाठी, जवळच्याच ठिकाणी. ट्रेलर ओढायला भाड्याच्या विम्याची परवानगी आहे ना ते आधी विचारा, आणि गाडीला ब्रेक कंट्रोलर बसवून घ्या. तो नसेल तर ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक लागतच नाहीत. निघताना ट्रक थांबतात तिथल्या वजनकाट्यावर गाडी आणि ट्रेलर भरलेले असतानाच मोजा. तुमचं कुटुंब खरोखर किती सामान नेतं तो आकडा तिथे हातात येईल, आणि पुढची गाडी निवडताना तोच सगळ्यात कामाला येईल.

त्या सहलीनंतरही तुम्हाला मोठा बंकहाऊसच हवा असं वाटलं, तर खुशाल घ्या, पण क्रम बदला. आधी पेलोड पुरेसा असलेली गाडी, मग ट्रेलर. आणि ट्रेलर विकत घेताना त्याच्या बाजूवरच्या पट्टीवरचं जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे भरून जास्तीत जास्त किती वजन चालेल तो आकडा वाचा. सगळा हिशोब त्याच आकड्यावर करा, ड्राय वेट विसरून जा. जीव्हीडब्ल्यूआरच्या १३ टक्के, अधिक तुमची माणसं, अधिक सामान, अधिक हिच. एवढं नव्या गाडीच्या स्टिकरमध्ये बसायला हवं, थोडं शिल्लक ठेवून.

सेल्समनला फोन करून एवढंच सांगा की या रविवारी आम्ही येत नाही. आणि दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा, हिचवरची टंग वेटची मर्यादा आणि नवऱ्याची उंची मला कळवा. मग नेमका कोणता आराखडा भाड्याने घ्यायचा त्यावर बोलू.